राष्ट्रीय नेता रंगमंचावर आणताना: परभणीच्या हौशी मंडळींसाठी प्राथमिक सूचना

आधी नेता निवडा. जिवंत निवडू नका. कार्यकर्ते तालमीलाच येतात. यशवंतराव चव्हाण घ्या, त्यांच्यावर आपला हक्कही पोचतो. १ नोव्हेंबर १९५६ला ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि त्याच दिवशी परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून उठून त्यांच्या राज्यात आला. प्रवेश जोडीनेच घ्या.

चढती कमान कुणीही बसवतो. १ मे १९६०चा, महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा मंगल कलश आणा. १९६२ला चीनशी युद्ध, नेहरूंचा फोन, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला. मग संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र ही चारही खाती एका पडद्यात उरका. धोतर-टोपी तीच, फक्त टेबलावरच्या फायली बदला. इथे टाळ्या फुकट मिळतात, म्हणून दिग्दर्शक इथेच रेंगाळतो. तुम्ही रेंगाळू नका.

उतरणीला महिनाभर जास्त तालीम धरा. इंदिरा गांधींना खलनायिका केलं की नाटक सोपं होतं आणि बिघडतं. १९६९ला काँग्रेसच्या बंगळूरच्या बैठकीत यशवंतराव राष्ट्रपतिपदासाठी इंदिराबाईंना नको असलेल्या संजीव रेड्डींच्या बाजूने गेले. पुढे पक्ष फुटला तेव्हा मात्र राहिले इंदिराबाईंबरोबर. माझ्या मते घसरण इथून सुरू होते, काँग्रेसच्या १९७७च्या पराभवापासून नव्हे. १९७८ला ते इंदिराबाईंच्या विरोधातल्या काँग्रेसमध्ये. मुंबईत त्यांचाच शिष्य शरद पवार वसंतदादा पाटलांचं सरकार पाडून मुख्यमंत्री. १९७९ला चरणसिंगांचे उपपंतप्रधान, तेही संसदेला सामोरं न गेलेल्या सरकारात. कुंपणावर बसल्याचा आरोप पात्रांच्या तोंडी खुशाल घाला. नेपथ्यात खरं कुंपण उभारू नका, आपल्याकडे तोही प्रकार होतो.

मग परतीचा प्रवेश. इंदिरा काँग्रेसमध्ये यायचं ठरवलं, पण दार लगेच उघडेना. १९८१ला ते उघडलं आणि पुढे देशाच्या माजी अर्थमंत्र्याला आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं. तुमचा नट इथे हमखास रडेल. रडू देऊ नका. यशवंतराव वाचणारे होते. हातात पुस्तक द्या आणि फोनकडे पाठ करून बसवा. १९८३ला पत्नी वेणूताई गेल्या, २५ नोव्हेंबर १९८४ला ते स्वतः. दोन्ही बातम्या विंगेतून सांगा.

एक व्यावहारिक सूचना. पहिली रांग पुढाऱ्यांसाठी राखलेली असते आणि पक्ष बदलण्याचा प्रवेश आला की तिथल्या बऱ्याच जणांना अर्जंट फोन येतात. त्यांना अडवू नका. मागे उभी असलेली माणसं तेवढ्यात पुढे घ्या.