दवाखाना माझा, मेडिकल मावशींचं

धन्याच्या पाण्याचा जाणकार म्हणून माझं नाव बेल्ह्यापासून राजुरीपर्यंत पसरलं आहे. पुढे आळेफाटा लागतो आणि तिथे खरे डॉक्टर बसतात, म्हणून माझी कीर्ती राजुरीच्या वेशीवरूनच माघारी फिरते. पण एवढ्या टापूत कुणाला उन्हाळी लागली, कुणाच्या अंगावर पित्त उठलं, की 'जरा गुरुजींना विचारा' असं म्हटलं जातं. हे म्हणणारी बहुतेक वेळा माझी बायको असते. तिच्या आवाजात आदर कमी आणि सुटका जास्त असते, पण मोठ्या माणसाने आवाजाकडे लक्ष देऊ नये.

औषध साधंच. धने जाडसर कुटायचे, वजनाच्या सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजत घालायचे, सकाळी गाळून खडीसाखर टाकून प्यायचं. हा धान्यक हिम शार्ङ्गधरसंहितेतला. अंगाची आग आणि तहान यांवर सांगितलेला. शार्ङ्गधर एवढ्यावर थांबला. मी थांबत नाही. मी त्यात तूतनखामेन घालतो. इजिप्तच्या या राजाची कबर १९२२ साली सापडली आणि तिच्यात धनेही निघाले, हे ऐकवल्याशिवाय मी कुणाला पेला देत नाही. एका पोराने विचारलं, "एवढे धने जवळ असून राजा गेला कसा?" त्याला मी पाणी दिलं नाही.

माझा दवाखाना खरा चालतो तो सोमवारच्या बाजारात. पण बेल्ह्याचा बाजार म्हटला की आधी बैल, आणि बैलांवर बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. इथे गिऱ्हाईक आधी जबडा उघडतं. नुसते दुधाचे दात असले तर आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळला. मग वशिंडावर थाप, शेपटीला हिसका, खूर उचलून बघणं, चालवणं, पळवणं, आणि पुन्हा दात. मधल्या वेळात मालकाने बदलले असले तर? पाठीवरचा भोवरा शुभ की अशुभ यावर बाप-लेक तिथेच भांडतात. शेवटी उपरण्याखाली हात जातात आणि बोटांवर भाव ठरतो. दोघांचे चेहरे असे निर्विकार, की एकमेकांची नाडी बघत असावेत. मीही त्या घोळक्यात उभा असतो. मला गोठा नाही, शेत वाट्याने दिलेलं. तरी "चार दाती दिसतोय" असं पुटपुटतो. मालक म्हणतो, "जुळलाय." मी म्हणतो, "तेच म्हणतोय मी."

तर, बैलाची इतकी उलटतपासणी करणारा हाच माणूस स्वतःच्या पोटात जायचं औषध मोबाइलवरच्या निरोपावरून घेतो. कोथिंबिरीच्या काढ्याने मूत्रपिंडं धुऊन निघतात, हा निरोप आमच्याकडे दर उन्हाळ्यात फिरतो. त्याचे दात कुणी मोजत नाही. काढा सुरू केला म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणारे आणि वर माझ्याकडे शाबासकी मागायला येणारे भेटले, की माझा विनोद संपतो.

मागच्या एका बाजारात एकाने भाजीवाल्या मावशींकडून अर्धा किलो वांगी घेतली आणि जाता जाता कोथिंबिरीची जुडी उचलून पिशवीत टाकली. मावशींनी पिशवी धरली. तो म्हणाला, "औषधाला पाहिजे हो. गुरुजींनी सांगितलंय!" मी शेजारीच होतो. भर बाजारात आपलं नाव निघालं म्हणून माझी मान ताठ झाली. मावशी माझ्याकडे वळल्या.

"व्हय गुर्जी? दवाखाना तुमचा, आन् मेडिकल म्या फुकाट चालवायचं व्हय?"

बोलताना त्यांचे हात थांबले नव्हते. ओल्या गोणपाटाखालची एकेक जुडी काढायची, पिवळं पान खुडायचं, शेंडे झटकून वरच्या बाजूला मांडायची. बोटांच्या पेरांत हिरवट-काळा रंग मुरलेला.

आमच्या जुन्नर तालुक्यात कोथिंबीर हे पोटाचं पीक आहे. धने रगडून दोन फाकं करून पेरायचे, चाळीसेक दिवस पाण्याची आणि ढगांची काळजी करायची, एकेक रोप उपटून जुड्या बांधायच्या आणि नारायणगावच्या लिलावात शेकड्याचा भाव ऐकायचा. भाव बरा निघाला तर माल मुंबईला जातो. पडला तर उभ्या पिकात नांगर फिरतो. मुसळधार पाऊस एका रात्रीत सगळं कुजवतो. आणि एवढं सोसून आलेला पाला आपल्याला वांग्यांवर 'वरून' हवा असतो. गुण सगळ्यांना पाठ, भाव कुणालाच मान्य नाही. मेडिकलमध्ये जाऊन "गोळ्यांची एक पट्टी वरून टाका" म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून उन्हाळ्यात धन्याचं पाणी खुशाल प्या. जळजळ थांबली नाही किंवा ताप आला तर मला न विचारता आळेफाटा गाठा. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि फुकट काही हवंच असेल तर माझा सल्ला आहे, तो हवा तेवढा न्या. जुडीचे पैसे मात्र द्या.