सात नंबरचं लॉन

अहो, ऐकलंत का? सात नंबरचं लॉन गेलं. गेलं म्हणजे... पार गेलं हो! काल सकाळी दोन माणसं आली, फावड्यानं सगळं खरवडलं, गोणींत भरलं आणि टेम्पोत टाकलं. वहिनी वर गॅलरीत उभ्या, तोंड असं एवढंसं झालेलं. मी आपली इकडे तुळशीला पाणी घालत होते. म्हणजे घालून केव्हाच झालं होतं, पण राहिले उभी. जरा इकडे या, हळू बोलू, त्यांची स्वयंपाकघराची खिडकी उघडी असते.

तुम्हाला मार्चअखेरचा तो थाट आठवतोय ना? धाकट्याचा साखरपुडा. 'हॉल नको बाई, आपल्या लॉनवरच करू, फोटो काय छान येतात!' आठ दिवस दुसरं काही ऐकलं नाही आपण. आणि लॉन कुठे होतं? होती ती नुसती मोकळी जागा. मग लाल मातीचा ट्रक आला, नर्सरीतून मेक्सिकन ग्रासचे तुकडे आले, सकाळी अंथरायला घेतले आणि संध्याकाळी सगळं हिरवंगार. आपल्या हवामान खात्यातल्या, सिमला ऑफिसवाल्या आप्पांनी फाटकातूनच विचारलं, "वहिनी, एवढी घाई कसली? मृग लागू द्या, मग लावा. पाऊस फुकटात रुजवून देतो." तर ह्या काय म्हणाल्या माहितीये? "आप्पा, साखरपुडा मृगासाठी थांबत नाही." आप्पा गप्प. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी गच्चीत पर्जन्यमापक ठेवलाय त्यांनी, हवामानातलं त्यांना कुणी असं उडवून लावलं की मिशीचं एक टोक हलतं बघा. हललं!

पण खरी गंमत पुढे आहे. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी माळीदादा मशीन घेऊन आले. ते बिचारे सांगत होते, "ताई, उन्हाळा आहे, दीड-दोन इंच राहू द्या. एका वेळी पात्याचा तिसरा हिस्सा कापायचा, त्याच्या वर नाही. पातं उंच असलं की मुळाशी सावली राहते." पण वहिनींना पाहिजे होता झिरो कट! "फोटोत गवत वाढल्यासारखं दिसायला नको." मारला झिरो कट. फोटो आले छान, नाही कशाला म्हणू. श्रीखंडही चांगलं होतं. पण पुढच्याच आठवड्यात गवत पिवळं दिसायला लागलं. खाली पांढऱ्या काड्या उघड्या, वर चाळीस डिग्रीचं ऊन. काय होणार दुसरं?

मग सुरू झालं पाणी. रोज! आणि कधी, तर दुपारी बारा वाजता, पाइप घेऊन, डोक्यावर स्कार्फ बांधून. अहो, तो पाइप सकाळपासून उन्हात पडलेला. त्यातलं पहिलं पाणी इतकं कढत असतं की आपण हात धुणार नाही त्यानं. ते पाणी आधी गवतावर, आणि मग जाता जाता तुळशीवर! पाच मिनिटं शिंतोडे उडवायचे, वरचं पातं ओलं दिसलं की नळ बंद. आप्पांना राहवेना. त्यांनी जाऊन सांगितलं की पहाटे द्या, ऊन चढायच्या आत, आणि रोज थोडंथोडं नको, आठवड्यातनं दोनदा पण चांगलं मुरेपर्यंत द्या. रोज वरवर दिलं की मुळं वरच राहतात, खाली जायचं नावच घेत नाहीत, आणि वरची माती तर तासाभरात तापते.

आणि पाणी किती ते कसं मोजलं, विचारा. साखरपुड्याचाच श्रीखंडाचा रिकामा डबा! आप्पांनी तो लॉनच्या मधोमध ठेवला, स्प्रिंकलर दहा मिनिटं लावायला सांगितला, मग डबा उचलून वहिनींना दाखवला. तळ जेमतेम ओला. म्हणाले, "एका वेळी बोटाच्या पेराएवढं पाणी साठेल तेव्हा थांबा." वहिनी डब्याकडे बघतायत, आप्पांकडे बघतायत. मग आप्पांनी हिशेबच मांडला. पाचशे स्क्वेअर फुटांचं लॉन, म्हणजे सुमारे 46 चौरस मीटर. मे महिन्यात गवताला दिवसाला पाच मिलिमीटर तरी पाणी लागतं, आणि एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोब्बर एक लिटर. दिवसाला 230 लिटर झाले! आठवड्याचे दीड हजारांच्या वर! दहा हजारांचा टँकर घेतला तर सहा आठवड्यांत एकट्या गवतानंच पिऊन टाकला. हे ऐकून वहिनींचे 'हे' पेपर बाजूला ठेवून उठून आले म्हणे. इथे खडकवासला धरणात किती पाणी उरलंय ते आपण रोज पेपरात वाचतो, गुरुवारी नळ कोरडे, आणि...

हां, गुरुवार! तर काय सांगत होते, गुरुवारचीच तर मजा झाली. त्यांच्या भावजयीनं फोनवर सांगितलं की पिवळं पडलं ना, मग युरिया टाक, दोन दिवसांत हिरवं होतं. टाकला! मुठी भरभरून, बुधवारी रात्री. सकाळी पाणी देऊ म्हणाल्या. सकाळी गुरुवार. नळाला थेंब नाही, आणि टाकी आदल्या दिवशी गाड्या धुण्यात संपलेली. दिवसभर त्या उन्हात गवतावर युरिया तसाच. शुक्रवारी बघितलं तर गवत जळून तपकिरी, आणि जळलेलं कसं? हात जसा फिरला ना, तश्शा कमानी! इथे एक, तिथे एक, फाटकापाशी एक मोठी. कुणी, कुठे उभं राहून, कुठल्या हातानं फेकला ते लॉनवर लिहून ठेवल्यासारखं! मॉर्निंग वॉकला जाणारा जो तो थांबून बघायचा. वहिनींनी दोन दिवस पडदे उघडले नाहीत.

तरी मी म्हणते, एवढं सगळं झालं तरी जगलं असतं गवत. चिवट असतं ते. पण आप्पा एक दिवस स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. लांबडा, लाल मुठीचा. म्हणाले, माती भिजलेली असली तर हा सहज अर्धा फूट आत जातो. खुपसला. बोटभर गेला आणि खट्! दुसरीकडे खुपसला, खट्! वहिनींचे हे म्हणाले, दगड असेल. मग माळीदादांनी टिकाव मारला. आणि खाली काय निघालं माहितीये? दोन इंच लाल माती आणि त्याच्याखाली सगळा राडारोडा. विटांचे तुकडे, प्लास्टर, आणि त्यातनं आली एक निळी टाइल. फुलाफुलांची. माळीदादांनी ती हातानं पुसून वर धरली. अहो, त्यांच्याच जुन्या बाथरूमची! गेल्या वर्षी बाथरूम नवीन केलं ना, त्या कॉन्ट्रॅक्टरनं राडारोडा उचलायचे पैसे घेतले आणि तिथेच पसरून टाकला. ह्यांनी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी ह्यांच्याकडे बघितलं, आणि माळीदादांनी टाइल हळूच खाली ठेवली. एक शब्द नाही. कुणीच बोलेना. शेवटी आप्पाच म्हणाले, "चला, कारण तर कळलं." मुळांना जायला जागाच नाही, पाणी मुरायला जागा नाही, आणि खालच्या विटा दिवसभर तापलेल्या. बिचारं गवत काय करील!

आता तुम्ही म्हणाल, आप्पांचं तरी काय मोठं लॉन आहे! हरळी तर आहे. एप्रिलमध्ये सगळं खाकी झालं होतं तेव्हा ह्याच वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "आप्पा, लॉन आहे की गुरांचं कुरण?" आप्पांनी ना पाणी वाढवलं ना खत टाकलं. म्हणाले, झोपलंय ते, झोपू दे. खालच्या गाठी जिवंत असतात. गेल्या शनिवारी वळवाचा पाऊस पडला, तो काय, पाऊण तास. बुधवारपर्यंत हिरवी पोपटी झाक! आणि गणपतीत दूर्वांसाठी त्यांच्याच दारात रांग लावतो आपण सगळ्या, सात नंबरसकट.

एक सात नंबरच कशाला, सगळ्या कॉलनीतच यंदा गमती. तीन नंबरच्या साहेबांची बोगनवेल बघितलीत? पान दिसत नाही इतकी फुललीये. आणि त्यांची चिकटाई तर तुम्हाला माहितीच आहे, फुकटचं पाणीसुद्धा झाडाला घालायचे नाहीत. समोरच्या काकू रोज बादलीभर घालतात, तर त्यांच्या वेलाला नुसती पानं! काकू चिडून म्हणाल्या, ह्यांच्या कंजूषपणालाही फुलं येतात. पण आहेच ते तसं. बोगनवेलीला तहान लागली की ती फुलते.

जास्वंदवाल्या ताईंचं कळलं का? पिठ्या ढेकूण झाला होता, कळ्यांवर कापूस ठेवल्यासारखा पांढरा थर. त्यांनी निंबोळी तेल फवारलं, भर दुपारी! पानं करपली. मी म्हटलं होतं, आधी पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन काढा, मग तेल, लिटरला एक चमचा, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून, आणि तेही ऊन उतरल्यावर. आणि मुंग्यांचा बंदोबस्त करा. त्या ढेकणांचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि त्यांची राखण करतात. ताई म्हणाल्या, "मुंग्या तर औषध आहेत असं मला वाटत होतं." आता काय बोलायचं!

आणि बारा नंबरच्या! मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेल्या, जाताना मोठ्या ऐटीत सांगून गेल्या, मी कुंड्यांत मडकी पुरून ठेवलीत, शेजारणीनं आठवड्यातनं एकदा भरायची, बास. आयडिया चांगलीच आहे, मडक्यातनं पाणी पाझरत राहतं आणि मुळांना पोचतं. पण पुरली कुठली, तर पाणी गार होत नाही म्हणून काढून टाकलेली जुनी! अहो, गार होत नाही म्हणजे त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली. जे पाझरत नाही तेच गार करत नाही. मडकी भरलेलीच्या भरलेली आणि मोगरा कोरडा ठाक. शेजारीण म्हणते, मी काय करू, भरायला गेले तर भरलेलंच होतं! तिकडून व्हिडिओ कॉल आला की ती कॅमेरा जिन्याकडे फिरवते.

बरं, तर काय सांगत होते... सात नंबर. आता वहिनी शहाण्या झाल्यात. राडारोडा सगळा काढणार, दीड फूट खणून पोयटा माती आणि शेणखत भरणार, आणि लॉन लावणार ते मृगाचा पाऊस पडल्यावर. स्वतःच गेल्या होत्या आप्पांकडे विचारायला. आप्पांनी काय केलं, त्यांना सोनचाफ्याच्या आळ्यापाशी नेलं. वर तीन इंच वाळका पाला, खोडापासून वीतभर लांब. दुपारी तीनची वेळ. म्हणाले, घाला हात पाल्याखाली. घातला, तर माती गार आणि ओलसर! बाजूच्या उघड्या मातीला हात लावला, तर चटका. वहिनी म्हणे दोन मिनिटं हात आतच ठेवून बसल्या होत्या. हे मला आप्पांच्या सूनबाईंनी सांगितलं, तिनं खिडकीतून बघितलं.

आणि तेव्हापासून कॉलनीत पाल्याला काय भाव आलाय! इतकी वर्षं काळ्या पिशव्यांत भरून घंटागाडीला देत होतो, नाहीतर कोपऱ्यावर कुणीतरी गुपचूप पेटवायचं. आता जास्वंदवाल्या ताई झाडूवाल्या मावशींना चहा पाजतात, पाला आधी आमच्याकडे टाका म्हणून. समोरच्या काकूंनी बागेच्या वॉचमनला गाठलंय. आणि काल संध्याकाळी सात नंबर कुंपणाशी उभ्या राहून तुमच्या आंब्याकडे बघत होत्या. वर नाही हो, खाली! मागच्या भिंतीशी तो ढीग साठलाय ना तुमच्या, त्याच्याकडे. उद्या येतील बघा, हातात वाटीभर आंबाडाळ घेऊन, गोड गोड बोलत.

म्हणून म्हटलं आधीच सांगावं. दोन गोणी मी आणल्याच आहेत, ह्या बघा. तुम्ही नुसतं फाटक उघडा, भरायचं माझं मी बघते.