अस्सल बर्मा

श्रीमंतांचा फोन आला की मी आधीच विचारून घेतो, "घराचं आहे की दुसरं काही?" दुसरं काही नसतंच. सकाळी सहाला, रात्री अकराला, आणि एकदा तर मी दातांच्या डॉक्टरकडे आ वासून पडलेलो असताना त्यांनी मला पन्हळ नेमकी कुठे फुटली ते समजावून सांगितलं. डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी भाबडेपणानं फोन माझ्या कानाला लावला होता. मला बोलता येत नाही हे कळल्यावर श्रीमंतांना फारच बरं वाटलं आणि त्यांनी पायापासून पुन्हा सुरुवात केली.

परमुलखातलं पडकं घर दुरुस्तीला काढलेला असा एकजण तुमच्याही ओळखीत असणारच. 1989 साली पीटर मेल नावाच्या इंग्रजानं दक्षिण फ्रान्समधलं जुनं घर नीट करताना काय काय सोसलं त्यावर पुस्तक लिहिलं. ते जगभर खपलं आणि तेव्हापासून या जमातीतल्या प्रत्येकाला आपण हाल काढत नसून पुस्तक जगतोय असं वाटायला लागलं. पुढे 2019 साली सिसिलीतल्या सांबुका गावानं ओस पडलेली घरं एक युरोपासून विकायला काढली. ती बातमी श्रीमंतांनी कापून ठेवली होती. पण तिकडे इटालियन शिकावं लागलं असतं. "इथं निदान भाषेचा प्रश्न नाही," असं ते म्हणाले. कुठल्या भाषेचा, ते पुढे येईलच.

श्रीमंत हे नाव त्यांना आम्ही चेन्नईतल्या मराठी मंडळींनी ठेवलेलं, वाडा घेतला म्हणून. बँकेच्या पासबुकाकडे बघितलं तर ते नाव रोज थोडं थोडं खोटं होत चाललंय.

मूळचे वाईचे. इथं नोकरीला आले तेव्हा या शहराचं नाव मद्रास होतं. अशोकनगरातल्या फ्लॅटात उभा जन्म गेला, पण मुक्काम कायम बदलीवर आल्यासारखा. "आमच्याकडे" म्हणजे वाई, मेतकूट आणि भडंग तिकडूनच यायचं, आणि तमिळ रिक्षावाल्याशी भांडता येण्यापुरतं. निवृत्त झाल्यावर ऑफिसातल्या एका चेट्टियार सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला ते कारैकुडीच्या बाजूला गेले. लग्न मुलीच्या पणजोबांच्या वाड्यात होतं. पुढचं दार एका रस्त्यावर, मागचं दार थेट पलीकडच्या रस्त्यावर, आणि मधे चौकामागून चौक. श्रीमंतांनी पंगतीतून उठून, हात धुवायच्या आधी, डाव्या हाताचं बोट मुडपून एका खांबावर वाजवलं. यजमान कौतुकानं म्हणाले, "बर्मा."

घात झाला तो तिथं.

आता हे बर्मा प्रकरण खोटं नाही. नाट्टुकोट्टै चेट्टियार हे सावकार लोक. ब्रह्मदेश, सिलोन, मलाया इथं त्यांच्या पेढ्या, आणि तिथला पैसा त्यांनी आपल्या कोरड्या, लाल मातीच्या मुलखात घरांमध्ये ओतला. ब्रह्मदेशातून साग, इटलीहून संगमरवर, बेल्जियमहून आरसे. 1942 साली जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या, तिथल्या पेढ्या बुडाल्या, आणि ही अवाढव्य घरं मालकांच्या अंगावर आली. मुलं-नातवंडं चेन्नईला, सिंगापूरला गेली. घरांना कुलपं लागली. काही पाडली गेली आणि त्यांचे खांब, दारं, आरसे कारैकुडीच्या मुनीश्वरन कोविल रस्त्यावरच्या दुकानांत विकायला आले. चेट्टिनाडची ही गावं 2014 पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आहेत. श्रीमंत हे अशा सुरात सांगतात की अर्ज त्यांनीच भरला असावा.

श्रीमंतांनी घेतलं ते त्यातलं धाकटं, एका चौकाचं. त्याला आठ वाटेकरी. दोघे चेन्नईत, एक कोइमतूरला, एक सिंगापूरला, एक पेनांगला, बाकीचे एकमेकांशी बोलत नव्हते. श्रीमंतांनी आठही सह्या मिळवल्या. पट्टा, ईसी म्हणजे बोज्याचा दाखला, मुखत्यारपत्रं, नोंदणी, सगळं झालं. यातली गंमत अशी की वाईचा त्यांचा स्वतःचा वाडा वाटेकऱ्यांच्या सह्यांवाचून पडत चाललाय, आणि तिथं ते कुणाच्या दारात गेलेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "अहो, ते चुलतभाऊ आहेत. हे परके. परक्यांशी बोलता येतं."

वर इतिहासाचा आधार आहेच. "व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं. 1855 पर्यंत आपलं राज्य होतं. सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या देवळात मराठी शिलालेख कोरला. मी एक घर घेतलं तर तुमचं काय जातं?" माझं काय जातं ते त्यांच्याबरोबर कुठंही जाऊन बघावं.

कारण ते वाजवतात. लाकूड दिसलं की मुडपलेलं बोट बाहेर येतं, दोनदा टकटक होते, मान तिरकी होते, आणि निकाल लागतो. निकाल तीनच आहेत. "बर्मा." "देशी." आणि तिसरा ते बोलून दाखवत नाहीत, नुसता श्वास सोडतात. तो प्लायवुडचा. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी श्वास सोडला, तेव्हापासून माझ्या बायकोनं त्यांना दुसऱ्यांदा चटणी वाढलेली नाही.

मुट्टुकाडला समुद्राकाठच्या रस्त्यावर दक्षिणचित्र आहे. दक्षिणेतल्या प्रांतांतली जुनी घरं गावांतून उतरवून, तुळई-तुळई करून आणून तिथं पुन्हा उभी केली, 1996 साली लोकांना खुली झाली. पाहुण्यांना न्यायला उत्तम जागा. श्रीमंतांना न्यायला वाईट. तिथल्या चेट्टिनाड घरात त्यांनी ओळीनं सगळे खांब वाजवले, रखवालदारानं शिट्टी वाजवली, आणि श्रीमंतांनी त्यालाच बाजूला घेऊन चौथ्या खांबाबद्दल आपली शंका सांगितली. कन्नेमारा ग्रंथालयाच्या 1896 च्या दालनात, रंगीत काचांखाली माना घालून वाचणाऱ्या लोकांमधे त्यांनी एक जुनं मेज वाजवलं. सगळ्या माना वर आल्या. "देशी," श्रीमंतांनी सर्वांना सांगितलं.

मार्गळीतल्या एका कचेरीत, म्हणजे गाण्याच्या मैफलीत, तर कहर झाला. डिसेंबरात चेन्नईला जिथं सभागृह तिथं गाणं, आणि श्रोते मांडीवर ताल धरून बसलेले. श्रीमंतांनी खुर्चीचा हात वाजवला. शेजारच्या मामांनी प्रसन्न होऊन मान हलवली. म्हटलं असेल, उत्तरेकडचा दिसतोय तरी ताल धरतोय. मग श्रीमंतांनी खुर्चीची पाठ वाजवली. मग पुढच्या खुर्चीची पाठ. मामांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आदितालात इतकं चुकणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

मैलापूरला एका ओळखीच्या घरी आम्ही समाचाराला गेलो होतो. माणूस गेलेला, घरात शांतता, आणि दिवाणखान्यात पितळी साखळ्यांचा तो मोठा झोपाळा. मी श्रीमंतांचा हात धरून ठेवला होता. त्यांनी दुसऱ्या हातानं वाजवला. घरातल्या थोरल्या मुलानं डोळे पुसत पुसत विचारलं, "बर्मा?" यावर मला काय वाटावं तेच कळेना. पुढचा अर्धा तास ते दोघं झोपाळ्याखाली उकिडवे बसले होते.

आता भाषा. श्रीमंतांचं आजचं तमिळ मेस्त्रीकडून आलंय, त्यामुळे ते अस्खलित आहे आणि संपूर्णपणे बांधकामखात्याचं आहे. शेजाऱ्यांच्या नातवाच्या बारशाला त्यांनी पाळण्यात बघून तमिळमधे मनापासून सांगितलं की पाया पक्का आहे आणि ओल कुठेही दिसत नाही. बाळाच्या आजीनं लगेच दुपटं चाचपलं.

मेस्त्री हा या कथेतला एकमेव शहाणा माणूस. त्याचं स्वतःचं घर काँक्रीटचं आहे, फरशी गुळगुळीत, न्हाणीघरात गरम पाणी. "सार, सिमेंट मारून टाकू, दोन आठवड्यांत मोकळे," असं तो दर आठवड्याला सांगतो. श्रीमंत ऐकत नाहीत. भिंतीला जुन्याच रीतीचा गिलावा हवा. चुना आठवडेच्या आठवडे भिजत घाला, हिरडा आणि गूळ पाण्यात कुजवा, घोटा, आणि शेवटच्या हाताला अंड्याचा पांढरा बलक. तो बसला की भिंत हाताला गार आणि अशी गुळगुळीत लागते की हात काढवत नाही, हे मी स्वतः लावून पाहिलंय. पण बलक शेकड्यांनी लागले. पिवळ्याचं काय केलं ते मी विचारलं. गवंड्यांनी त्या महिन्यात डबा आणला नाही म्हणे. श्रीमंतांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, यावरचं धोरण एका वाक्याचं आहे: "एकादशीला त्या भिंतीला टेकायचं नाही."

काम कधी संपणार विचारलं की मेस्त्री म्हणतो, "नाळैक्कु." उद्या. हे तो पोंगलच्या आधी म्हणतो, अग्निनक्षत्राच्या उन्हात म्हणतो, आडी महिन्यात नवं काही सुरू करायचं नसतं तेव्हाही म्हणतो. फरश्या आत्तंगुडीच्या. काचेवर रंग ओतायचा, वर वाळू-सिमेंट दाबायचं, पाण्यात मुरवायचं, आणि काच काढली की तिची चकाकी फरशीवर उरते. या एका प्रक्रियेचा व्हिडिओ श्रीमंतांनी मला इतक्या वेळा दाखवलाय की मी आता फरशी पाडू शकेन.

इकडे अशोकनगरच्या फ्लॅटची अवस्था बघा. न्हाणीघराचं दार ईशान्य मोसमीत फुगलं ते कायमचं. लागतच नाही. आत असलेल्या माणसानं गात राहायचं असा घरचा नियम आहे. मला गाता येत नाही, म्हणून मी त्यांच्याकडे कॉफी घेत नाही. वहिनींनी दाराबद्दल काढलं की श्रीमंत ते एकदा वाजवतात, श्वास सोडतात, आणि कारैकुडीचं तिकीट काढतात.

गेल्या पोंगलला ते मला ओढून घेऊन गेले. वहिनी आल्या नाहीत. "मला घरी काम आहे," एवढंच म्हणाल्या. एग्मोरहून दुपारची पल्लवन एक्सप्रेस, रात्री कारैकुडी, पुढे अंधारात रिक्षा. मी कुरकुर करायची ठरवूनच गेलो होतो आणि बऱ्यापैकी केलीही. वीज जाऊन येऊन, मागच्या पडवीला कौलं नाहीत, आणि माझ्या खोलीत जिन्याऐवजी शिडी. वर श्रीमंतांनी झोपताना तुळया मोजायला लावल्या.

सकाळी शेजारच्या आची आल्या. ऐंशीच्या घरातल्या, आपल्या भल्यामोठ्या घरात एकट्या. मुलगे चेन्नईला आणि सिंगापूरला. त्या श्रीमंतांच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, आपल्या हक्काच्या जागी बसल्या आणि हुकूम सोडायला लागल्या. पाटा तिथं नको, इथं. कोलम एवढंसं? मेस्त्रीनं खिडकी उलटी बसवलीय. आयुष्यभर ऑफिसात कुणाचं ऐकलं नाही तो हा माणूस पाटा उचलून फिरत होता.

मग श्रीमंतांनी माझ्यासमोर किल्ल्यांचा जुडगा काढला. त्या गल्लीतल्या कुलूपबंद घरांच्या किल्ल्या. आधी आचींनी आपल्या मागच्या अंगाची दिली. मग ज्या वाटेकऱ्यांच्या सह्यांसाठी श्रीमंत हिंडले होते त्यांनी आपल्या नातेवाइकांना सांगितलं, की एक मराठी सार आहे, थोडा वेडा आहे, पण विश्वासाचा आहे. आता श्रीमंत खेपेला आले की एकेक घर उघडतात. खिडक्या उघडतात, वटवाघळं हाकलतात, चौकात उगवलेला पिंपळ उपटतात. प्रत्येक खांब वाजवतात. त्या दिवशी मी मागून हिंडत होतो आणि तेव्हा मला कळलं की ते वाजवणं मिरवायला नव्हतं. वाळवीनं आतून पोखरलेला खांब वरून तसाच दिसतो, आवाजच फक्त बदलतो. कुठल्या घरात कुठला खांब पोकळ होत चाललाय ते त्यांच्या वहीत लिहिलेलं असतं आणि फोटो रातोरात पेनांगला जातो. यासाठी कुणी त्यांना एक पैसा देत नाही. उलट पेनांगवाले शंका काढतात.

दुपारी आचींनी सहज विचारलं, "तुमची मुलगी कधी येणार घर बघायला?" ती मेलबर्नला असते. घर तिनं फोनवरच पाहिलंय, तेही घाईत.

"नाळैक्कु," श्रीमंत म्हणाले.

आची खूप हसल्या. मग त्यांनी आपल्या मुलाचा विषय काढला, आणि दोघंही बराच वेळ पन्हळीबद्दल बोलत राहिले.

पहाटेच्या पल्लवननं परत आलो. श्रीमंतांनी आग्रह करून घरी नेलं, चपला काढल्या आणि थबकले. न्हाणीघराला नवं कोरं दार होतं. फिकट निळं, पीव्हीसीचं, कडी लागणारं. वहिनींनी सुतार, मेस्त्री कुणालाही न विचारता एका दुपारीत बसवून घेतलेलं. श्रीमंतांचं बोट आपोआप मुडपलं. त्यांनी दोनदा वाजवलं. मान तिरकी केली. हा आवाज त्यांच्या तीनही निकालांत बसत नव्हता.

"वाळवी लागत नाही," वहिनी आतून म्हणाल्या, "पावसात फुगत नाही, आणि आठ जणांच्या सह्या लागल्या नाहीत."

मी त्या दिवशी त्यांच्याकडे दोन कप कॉफी घेतली.