सरसकट पाच

सत्र संपत आलं, इंटर्नलचे मार्क भरून झाले, की वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गूगल फॉर्मची लिंक येऊन पडते. ‘फीडबॅक आजच भरणे. न भरल्यास हॉल तिकीट मिळणार नाही.’ मोकळ्या मनाने मत द्या म्हणायची ही आमची रीत!

पोरंही काही कमी कसलेली नाहीत. ऑफिसच्या खिडकीपुढे रांगेत उभ्या उभ्या मोबाइल काढतात आणि सरसकट पाच, पाच, पाच मारत अंगठ्याने तळ गाठतात. जूनमध्येच बदली होऊन गेलेल्या मॅडमनाही पाचपैकी पाच पडतात. एखादी मुलगी प्रश्न वाचायला लागते. “वाचत काय बसलीस? भर की पटकन!” मागून आवाज येतो, तीही भरते. मग त्या पाचांचा रंगीत पाय चार्ट होतो, फाइलला लागतो आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येईल त्या दिवसाची वाट बघतो. समिती येण्याआधी आवारात कुंड्या येतात, त्याच मायेने आम्ही तो चार्ट जपतो.

नॅकची स्वतःची प्रश्नावली मात्र मला मनापासून आवडते. 2017 साली मूल्यांकनाची पद्धत बदलली, तेव्हा तिच्यात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आलं. शिक्षक कितपत तयारी करून येतात, या प्रश्नाला तिथे जे पर्याय आहेत त्यांतला शेवटचा चक्क ‘शिकवतच नाहीत’ असा आहे. शासकीय थाटाच्या कागदावर इतकं रोखठोक सहसा वाचायला मिळत नाही.

आमच्या विभागाच्या फॉर्मात खरी गंमत शेवटच्या ‘इतर सूचना’ या रकान्यात. निम्म्याहून अधिक जण तिथे ‘निल’ लिहितात. त्याखालोखाल ‘ऑल गुड’. कुणी लिहितं, ‘सर छान शिकवतात, फक्त वेळेवर सोडावं.’ कुणी लिहितं, ‘कॅन्टीनचा चहा पाणचट आहे.’ अध्यापनाशी याचा संबंध नाही, पण विधान शंभर टक्के खरं. आणि मग एका पठ्ठ्याने लिहिलेलं असतं, ‘फळ्याच्या खालच्या भागात लिहिलेलं मागून दिसत नाही. पुढच्यांची डोकी दिसतात.’ पुऱ्या फाइलीत उपयोगाचं वाक्य काय ते हेच. पण याचा चार्ट कसा काढणार?

पाचपैकी पाच म्हणजे चांगलं शिकवणं, असं तरी कुठे आहे? अमेरिकेत एका नटाला ‘डॉ. फॉक्स’ असं नाव देऊन, मोठा तज्ज्ञ म्हणून व्याख्यानाला उभं केलं होतं. विषय भारदस्त, बोलणं ठसकेबाज, मधूनमधून विनोद, आणि आत मुद्दा असा काहीच नाही. ऐकायला मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशी जाणती मंडळी. त्यांनी व्याख्यानाला उत्तम शेरे दिले! हा प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. एवढे शिकलेसवरलेले फसतात, तर एस.वाय.च्या पोरांनी गप्पिष्ट सरांना डोक्यावर घेतलं म्हणून त्यांना का बोल लावायचा? आमच्या विभागातही एकदोन डॉ. फॉक्स असावेत. (माझेही गुण बरे आहेत, म्हणून नावं घेत नाही.)

तसं पाहिलं तर पोरं मत रोजच देत असतात, त्यासाठी लिंक लागत नाही. जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला कोण परत येतं आणि कुणाची दप्तरं बसस्टॉपवर दिसतात, ते बघावं. “काही शंका?” म्हटल्यावर जी शांतता पसरते, ती समजल्याची की कंटाळल्याची, हे जुन्या शिक्षकाला फळ्याकडे तोंड असतानाही कळतं. कळून घ्यायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

मला खटकते ती फॉर्मची वेळ. फळ्याबद्दल लिहिणाऱ्या त्या मुलाचा विषय संपला, आता तो त्या बाकावर परत बसणारही नाही. सरांनी उद्यापासून वर लिहायला सुरुवात केली तरी त्याचा लाभ पुढच्या वर्षीच्या पोरांना. स्वतःच्या पदरात काही पडणार नसताना त्याने खरं का लिहावं? म्हणून सगळ्या विभागप्रमुखांना एक विनंती आहे. पहिल्या सत्राचा फॉर्म गणपतीच्या आसपास काढा आणि हॉल तिकिटाशी त्याची गाठ बांधू नका. काय कळत नाही आणि का, एवढंच विचारा. मग त्याच आठवड्यात वर्गात जाऊन, काय बदललं ते पोरांना सांगा.