भांग पाडलेला खुनी
निर्मात्याच्या खिशात पैसे नसले की भूत परवडत नाही, पोर परवडतं. मेकअप नको, सुळे नकोत. नीट पाडलेला भांग आणि न लवणाऱ्या पापण्या, झालं काम. १९९२च्या ‘मायकी’ या अमेरिकन सिनेमात नऊ वर्षांचा दत्तक मुलगा सुरुवातीलाच अख्खं घर संपवतो. टबात बसलेल्या आईसाठी एक हेअर ड्रायर पुरतो. हत्यारांचा खर्च वाचला! पोलीस बाहेरच्या कुणाच्या तरी मागावर, आणि साहेबांची रवानगी नव्या आईबापांकडे. दत्तक देताना चौकशी? अहो, ती केली तर सिनेमा मध्यंतरापर्यंत तरी पोचेल का? पुढे शेजारच्या मोठ्या मुलीवर साहेबांचा जीव जडतो. तिच्या मित्राचं काय होतं, ते सांगायला नकोच. ब्रिटनच्या सेन्सॉरने १९९६ साली प्रमाणपत्रच नाकारलं.

जुनं हॉलिवुड मात्र सोवळं. ‘द बॅड सीड’ नाटकात खुनी पोरगी रोडा शेवटी सुखरूप सुटते. १९५६च्या सिनेमात ते हॉलिवुडच्या आचारसंहितेत बसेना, म्हणून थेट आकाशातून वीज मागवली. तेवढ्यानंही भागेना. शेवटी कलाकारांची ओळख करून देताना आईनं त्या मेलेल्या लेकीला मांडीवर पालथं घालून चांगलं बदडलं.