इतिहासशुद्ध किल्लेदार

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचून त्यावर सैन्य मांडण्याची हौस मिसरूड फुटताच ओसरते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु काही गृहस्थांच्या ठायी ती ओसरत नाही, उलट 'संशोधन' हे नाव धारण करून बळावते. अशा गृहस्थास इतिहासशुद्ध किल्लेदार म्हणता येईल. त्याचा आरमोरीतील नमुना विशेष अभ्यसनीय आहे, कारण वैरागडचा किल्ला त्याच्याच तालुक्यात असल्यामुळे रायगड-प्रतापगड बांधणे त्याला परावलंबन वाटते, आणि एकदा वैरागड बांधायचा ठरला की बाजारातले बहुतेक सैन्य आपोआप बाद होते.

पहिला गंडांतराचा योग मावळ्यांवर येतो. मावळे म्हणजे पुण्याच्या पश्चिमेकडील मावळ खोऱ्यांतले लोक. ते गोंड राजांच्या किल्ल्यावर पहाऱ्याला कसे, हा प्रश्न तो दुकानदाराला विचारतो आणि दुकानदार डझनाचा भाव सांगतो. शिवरायांची मूर्ती तो भक्तिभावाने विकत घेतो, पण ती घरात उच्चासनी ठेवतो, किल्ल्यावर नव्हे. कारण त्याने निवडलेला काळ सोळाव्या शतकाच्या अखेरचा आणि महाराजांचा जन्म 1630 चा. 'आईन-ए-अकबरी', म्हणजे अबुल फझलने सिद्ध केलेला अकबराच्या राज्यव्यवस्थेचा ग्रंथ, चांद्याच्या गोंड राजाकडे 1,000 घोडेस्वार आणि 40,000 पायदळ असल्याचे नोंदवतो. त्यावरून एका स्वारामागे चाळीस पायदळ हे प्रमाण त्याने पक्के केले असून, मुलांनी हौसेने आणलेल्या पाच घोड्यांना दोनशे शिपायांची जोड मिळेपर्यंत ते पाचही खोक्यात अटकेत राहतात.

हा वर्ग केवळ आरमोरीचा नव्हे. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या युद्धाचे नियम घालून दिले, तेव्हापासून पाश्चात्त्य देशांत त्याचे अनेक गुरुबंधू निपजले आहेत. त्यांच्यापैकी जो आरंभीच्या रोमचे सैन्य जमवू पाहतो त्याची अवस्था अगदी अशीच होते: लोखंडी पट्ट्यांचे चिलखत घातलेला, चित्रपटांनी घरोघरी पोहोचवलेला रोमन सैनिक त्याला सहज मिळतो, पण तो कित्येक शतके पुढचा, साम्राज्यकाळातला, उलट इतिहासकार लिव्ही सांगतो त्याप्रमाणे सर्वियस टुलियस राजाने मालमत्तेनुसार पाडलेल्या पाच वर्गांपैकी पहिल्याकडे कांस्याचे शिरस्त्राण, छातीचे कवच व गोल ढाल, तर पाचव्याकडे नुसती गोफण असावी लागते. गरीब गोफणवाल्यांची संख्या भरेपर्यंत तिकडचा संशोधकही म्हातारा होतो.

आरमोरीच्या किल्लेदाराच्या परीक्षेत पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होतो तो फक्त गुहेतला वाघ, कारण या जंगलात त्याचे वास्तव्य सोळाव्या शतकातही होते आणि आजही आहे. 'आईन-ए-अकबरी'त रानहत्तींचा उल्लेख असूनही हत्तीबद्दल तो दीर्घकाळ साशंक होता. 2021 मध्ये छत्तीसगडमार्गे रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, तेव्हा पिकांच्या काळजीने सारा मुलूख हवालदिल असताना आपले एक साधन सिद्ध झाल्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

अखेरीस लक्ष्मीपूजनाची सायंकाळ येते आणि बुरूज, खंदक, वाघ, हत्ती असा सर्व सरंजाम असलेल्या किल्ल्यावर शिपाई मात्र एकही नसतो. शेजारी विचारतात, परंतु तो डगमगत नाही. सोळावे शतक साधले नाही तरी शुद्धतेला बाध येऊ नये म्हणून तो पाटीवरचा काळ पुसून तिथे चालू साल लिहितो, आणि झाडोऱ्यात ओस पडलेल्या आजच्या वैरागडाची इतकी बिनचूक प्रतिकृती दुसऱ्या कुणाला साधलेली नाही, हे शेजाऱ्यांनाही मान्य करावे लागते.