भर चौकात रडारची उणीदुणी

जामखेडकरांना जनाची नाही तर मनाची तरी असायला हवी होती. भर सकाळी, खर्डा चौकात, आयाबाया भाजीच्या पिशव्या घेऊन जात असताना चांगली शिकलेली माणसं एकमेकांना मोठ्यानं विचारतात, "तुझ्या सुखोईची रेंज किती?" विचारणारा लाजत नाही, सांगणारा तर मुळीच नाही. आणि ज्याला कुणी काही विचारलेलंच नाही असा शेजारच्या बाकड्यावरचा तिसरा गडी मान वळवून म्हणतो, "ते आता जुनं झालं. रफालचं बघा." झालं! मग कांद्याचा भाव, पाण्याचे टँकर, कुणाची पोर कुणाबरोबर दिसली, असे सगळे सभ्य विषय मागे पडतात आणि गाव रडारवर येतं.

हे वेड लागलं कधी, याची तारीख सांगता येते. ६ मे २०२५. चौंडी आमच्याच तालुक्यातली. अहिल्यादेवींच्या जन्माचं तीनशेवं वर्ष म्हणून राज्याचं अख्खं मंत्रिमंडळ त्या दिवशी तिथे बैठकीला आलं होतं. कोण कुणाशेजारी बसलं, कुणी कुणाकडे पाठ केली, तालुक्याला वर्षभर चघळायला पुरेल एवढा ऐवज दारात चालून आला होता. आणि त्याच रात्री एकच्या पुढे ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. सकाळी उठून बघतो तर मंत्री कुणाच्या खिजगणतीत नाहीत, सगळे 'एईएसए' म्हणजे काय ते एकमेकांना समजावून सांगतायत. मंत्रिमंडळाचा एवढा अपमान विरोधी पक्षालाही कधी जमला नव्हता.

बरं, ही फितुरी साधी नाही. नगर जिल्हा म्हणजे रणगाड्यांचा. अहिल्यानगरला आर्मर्ड कोअरचं सेंटर आणि स्कूल, तिथेच रणगाड्यांचं संग्रहालय. आमच्या पिढीच्या सहली रणगाड्यापुढे उभं राहून फोटो काढण्यात गेल्या. त्या मातीतली माणसं जमिनीवरचं इमान सोडून विमानाच्या नाकात बसवलेल्या तबकडीवर भाळली. काय म्हणावं याला?

गावात आता उघड उघड तट पडलेत. सगळ्यात मोठा तट सुखोईवाल्यांचा, आणि त्यांचं प्रेम नात्यागोत्याचं आहे. सुखोई-३० एमकेआय हवाई दलात दाखल झालं ते पुण्याच्या लोहगावला, सप्टेंबर २००२ मध्ये. पुढे ही विमानं बांधली गेली नाशिकजवळच्या ओझरला. ज्याचा कुणी लांबचा पाहुणा ओझरला फिटर आहे तो या तटाचा आपोआप पुढारी. त्यातलं 'बार्स' रडार रशियन, तबकडी जवळजवळ मीटरभर रुंद, झोत विजेनं फिरवायचा आणि वर तबकडीही वळवायची. "एवढी रुंद कुणाची हाय का?" या प्रश्नावर चौकात भल्याभल्यांची तोंडं बंद होतात.

रफालवाले संख्येनं कमी, पण तोरा फार. त्यांचं आरबीई-२ रडार नव्या, म्हणजे त्याच 'एईएसए' जातीचं. एका मोठ्या ट्रान्समीटरऐवजी तबकडीवर शेकडो छोटे घटक, प्रत्येक जण स्वतः लाट सोडणार आणि स्वतः झेलणार. दोन-चार मेले तरी बाकीचे काम चालू ठेवतात. युरोपात असं रडार सेवेत आणणारं हे पहिलं लढाऊ विमान. हे ऐकवून झालं की रफालवाले मिशीवरून हात फिरवतात. पण जगात पहिला मान कुणाचा म्हणून विचारलं की गप्प बसतात, कारण तो जपानच्या एफ-२ चा, २००० सालच्या सुमाराचा. आणि विजेनं झोत फिरवणारं रडार लढाऊ विमानात सगळ्यात आधी आणलं ते सोव्हिएत मिग-३१ नं, १९८१ मध्ये. अमेरिकेचं नाव दोन्हीकडे नाही, याचा जो आनंद चौकात झाला तो पाहण्यासारखा होता.

तिसरा तट अमेरिकावाल्यांचा. यांचा मुलगा हमखास हिंजवडीला असतो. यांचं दैवत एफ-१४ चं एडब्ल्यूजी-९: एका वेळी चोवीस लक्ष्यांचा माग, सहांवर मारा. १९७३ च्या चाचणीत एकाच विमानानं ३८ सेकंदांत सहा क्षेपणास्त्रं सोडली आणि चार जागेवर बसली. चौकात या गोष्टीला रोज नवी फोडणी मिळते. परवा ऐकलं तेव्हा चोवीसच्या चोवीस पाडली होती. आठवडाभर कुणी हटकलं नाही तर पन्नासांवर जातील.

आणि चौथा तट म्हाताऱ्यांचा, मिग-२१ वाला. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला ते विमान निवृत्त झालं तेव्हा घरचं माणूस गेल्यासारखे हे लोक दिवसभर गप्प होते. मिग-२१ हवा ओढतं नाकातूनच, त्यामुळे रडारला जागा मिळाली ती मधल्या सुळक्यात, तीही हातभर. जुन्या रडारची नजर फार तर वीसेक किलोमीटर. पण हे सांगायची सोय नाही. "पाहिलं किती यापेक्षा पाडलं किती ते सांग," असं उत्तर येतं. डिसेंबर १९७१ मध्ये कच्छच्या आखातावर याच मिगनं पाकिस्तानचं एफ-१०४ पाडलं होतं, त्यामुळे पुढे बोलता येत नाही.

खरा वाह्यातपणा मात्र पुढेच आहे. हे सगळे तट भांडतात ते एका आकड्यावर. दोनशे किलोमीटर, तीनशे किलोमीटर. पण कुणाला बघायचे दोनशे? पुढ्यातलं विमान एसटीएवढं आहे की आपला ठसा लपवणारं? रडारची लाट जाताना पसरते आणि परत येतानाही पसरते. म्हणून दुप्पट लांबचं बघायचं तर दुप्पट ताकद लावून भागत नाही, सोळापट लागते. याचीच उलटी बाजू अशी की समोरच्यानं आपला ठसा सोळाव्या हिश्शावर आणला की तुमचे दोनशे किलोमीटर थेट शंभरावर येतात. शिवाय ते विमान जमिनीलगत येतंय का? नाकासमोर येतंय की आडवं जातंय? आडवं गेलं तर वेगामुळे प्रतिध्वनीत पडणारा फरक जवळपास उरतच नाही, आणि विमान खालच्या जमिनीच्या गोंधळात गडप होतं. एवढ्या अटी बाजूला ठेवून नुसता आकडा फेकणं म्हणजे उतारा न बघता जमिनीचा सौदा करणं.

शिवाय बघणाऱ्यालाही कुणी बघतं. रडार चालू केलं की त्याची लाट समोरच्यापर्यंत एकाच वाटेनं जाते, परतीचा प्रवास तिला करायचा नसतो. त्यामुळे तुम्हाला तो दिसण्याच्या कितीतरी आधी त्याला कळतं की कुणीतरी टेहळणी करतंय. म्हणूनच हल्ली शहाणा वैमानिक आपलं रडार गप्प ठेवतो आणि मागे उंचावर घिरट्या घालणाऱ्या नेत्रासारख्या टेहळणी विमानाकडून चित्र मागवतो. म्हणजे ज्याच्या रडारवरून चौकात गचांड्या धरल्या जातात, तो ते बंद ठेवूनही फिरत असेल. हे मी एकदा बोलून पाहिलं. चारही तट पहिल्यांदाच एक झाले, माझ्याविरुद्ध.

दिसणं वेगळं आणि ओळखणं वेगळं, हे खरं तर आमच्या तालुक्याला कुणी शिकवायला नको. ११ मार्च १७९५. खर्ड्याची लढाई. ग्रँट डफनं लिहून ठेवलंय की रात्री मराठ्यांची एक छोटी टोळी घोड्यांना पाणी पाजायला ओढ्यावर गेली, तिथे निजामाच्या लोकांशी गाठ पडली, गोळी सुटली, आणि झोपेतून उठलेल्या अख्ख्या छावणीनं अंधारात बार काढायला सुरुवात केली. निजाम घाबरून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि तिथेच अडकला. आलेल्यांची चाहूल लागली होती, फक्त आलेले किती आणि कशाला, ते कळलं नव्हतं. या गावानं रेंजवर भांडावं?

पण भांडतात तर भांडोत, निदान खमंग भांडा. रडारच्या खानदानात लफडी काय कमी आहेत? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी विमानात रडार बसवलं आणि ते लपवायला जगाला सांगितलं की आमचे वैमानिक गाजरं खातात म्हणून त्यांना रात्रीचं दिसतं. गाजराची पुंगी एवढी वाजल्याचं दुसरं उदाहरण नाही. जुलै १९४४ मध्ये जर्मनांचं एक युंकर्स-८८ वाट चुकून थेट इंग्लंडच्या धावपट्टीवर उतरलं, नवंकोरं रडार नाकावर मिरवत. न मागता आलेला आहेर!

६ सप्टेंबर १९७६ ला सोव्हिएत वैमानिक बेलेंको मिग-२५ घेऊन जपानच्या हाकोदातेला पळून गेला. अमेरिकनांनी विमान खोललं तर आत निर्वात नळ्या. आधी हसले, मग ६०० किलोवॉटची ताकद बघून गंभीर झाले, कारण एवढ्या जोरापुढे त्यांचं जॅमिंग भुईसपाट झालं असतं. सोव्हिएतांना अखेर त्या विमानाचं रडार बदलावं लागलं.

आणि तोल्काचेव? मॉस्कोत रडार बनवणाऱ्या संस्थेतला इंजिनिअर. दुपारच्या सुट्टीत कागद घरी न्यायचा, फोटो काढायचा आणि सीआयएला द्यायचा. १९७९ ते १९८५. मोबदल्यात पैशाबरोबर पोरासाठी इंग्रजी रॉकच्या कॅसेटही मागायचा. १९८६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला, पण तोवर मिग-२९ च्या रडारपर्यंतची अंडीपिल्ली अमेरिकेला ठाऊक झाली होती. पुढच्याच वर्षी मिग-२९ आपल्या लोहगावला आलं. दोनशे किलोमीटर दिसणाऱ्या रडारला आपल्याच कचेरीतला माणूस दिसला नाही, यावर चौकात बोला की!

"मग तुमच्या मते शतकातलं सगळ्यात भारी कुठलं?" शेवटी एका नानांनी मलाच पकडलं. मी म्हटलं, नाना, लढाऊ विमानातल्या रडारला शतक पुरं व्हायला अजून अवकाश आहे. पण मत द्यायचंच तर जुलै १९४० मध्ये ब्रिटिशांच्या ब्लेनहाइममध्ये होतं, त्याला. त्यानं रात्री शत्रूचं विमान शोधून दिलं आणि ते पाडलं गेलं. बाकी सगळ्यांनी आधीच्यापेक्षा जास्त पाहिलं. यानं काहीच दिसत नव्हतं तिथे पहिल्यांदा पाहिलं.

"ते जेट बी न्हाई," सुखोईवाला गुरगुरला.

"पंख्याचं हाय," अमेरिकावाल्यानं दुजोरा दिला.

नाना मात्र मुद्द्याचे. "ते ऱ्हाऊ द्या. रेंज किती?"

मी खरं ते सांगितलं. जमिनीचा प्रतिध्वनी आडवा यायचा, त्यामुळे विमान जेवढं उंच तेवढीच नजर. सहा किलोमीटर उंच असेल तर सहा किलोमीटर.

"सहा?" नाना उठलेच. "आवो, जामखेडातनं खर्डा बी दिसायचा न्हाई त्यात!"

माझं मत एकमतानं बाद झालं.